अन्वयार्थाची उलटतपासणी

समाजशास्त्रीय संशोधनातील अन्वयार्थवादी दृष्टीची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रत्यक्षार्थवादाच्या खंडनापाशी थांबते. मानवी व्यवहार केवळ मोजता येत नाहीत, ते समजून घ्यावे लागतात, हे आता वेगळे सिद्ध करण्याचे कारण नाही. संशोधकाला खरोखरच ‘समजले’ आहे हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो आणि तोच अधिक अवघड आहे.

माक्स वेबर यांनी सामाजिक कृतीची व्याख्या करताना कर्त्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाला मध्यवर्ती स्थान दिले. आल्फ्रेड शुट्झ यांनी या भूमिकेला काटेकोरपणा आणला. त्यांच्या मते संशोधकाच्या संकल्पना या दुसऱ्या स्तरावरच्या असतात, कारण लोकांनी आपल्या व्यवहारात आधीच घडविलेल्या संकल्पनांवर त्या उभ्या असतात. म्हणूनच ज्यांच्याविषयी त्या मांडल्या जातात, त्यांनाही त्या आकलनीय असल्या पाहिजेत.

या कसोटीचे बळ शेगावच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. गजानन महाराजांनी 1910 साली समाधी घेतली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थानात हजारो सेवाधारी पाळीपाळीने, मोबदला न घेता काम करतात. एखाद्या प्रश्नावलीने या कामाचे तास मोजले आणि हेतूंसाठी ‘धार्मिक’, ‘सामाजिक’, ‘इतर’ असे रकाने पाडले, तर तक्ता तयार होईल. परंतु ‘सेवा’ हा शब्द त्यातून निसटेल. सेवाधाऱ्याच्या लेखी ते विनावेतन श्रम नव्हेत आणि परोपकारही नव्हे; सेवा करावयास मिळाली, अशीच त्याची भाषा असते. देणारा आणि घेणारा यांचे स्थान येथे उलटे झालेले असते. येणाऱ्या प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणून संबोधण्याची रीतही या अर्थव्यवस्थेचाच भाग आहे. येथपर्यंत शुट्झ यांची कसोटी पुरेशी ठरते. संशोधकाने असा अन्वय मांडला, तर सेवाधारी तो मान्य करील.

परंतु कर्त्याची मान्यता ही आकलनाची अंतिम खूण मानता येईल काय? येथे इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाकडे वळणे उपयुक्त ठरते. बर्लिन येथे मानवशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या आणि शरीरमापनाच्या पद्धतीने दीर्घकाळ काम केलेल्या या विदुषीने पंढरीच्या वाटेवर मोजपट्टी बाजूला ठेवली. 1962 साली इंग्रजीतून प्रसिद्ध झाल्यावर हा लेख वारीच्या अभ्यासकांना आधारभूत ठरला. त्यात भक्तीचा सामूहिक आनंद आहे. त्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांच्या पंगती वेगळ्या बसतात, ही नोंदही आहे. वारीत भेद नाही, या वारकऱ्यांच्या स्वतःच्या अन्वयाला ही नोंद छेद देते. कर्वे दोन्ही गोष्टी लिहितात आणि एकीने दुसरीला खोटे पाडत नाहीत.

लेखाचे खरे मर्म मात्र याहून पुढे आहे. कर्वे मराठा स्त्रियांबरोबर जेवतात, जवळीक वाढते, पुण्याला भेटावयास येण्याच्या गोष्टी होतात. तेव्हा एक तरुण मुलगी विचारते, की आता वागता तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल काय? या एका प्रश्नाने संशोधनातील भूमिका पालटतात. जिचा अर्थ लावायचा, तीच संशोधिकेचा अर्थ लावू लागते, आणि तिचा अन्वय अधिक अचूक असतो. वाटेवरचा स्नेह खरा आहे हे ती नाकारीत नाही. तो कोणत्या जागी आणि किती काळ खरा राहील, एवढेच ती विचारते.

कर्वे यांनी हा प्रश्न लपविला नाही, हे लेखाचे मोठेपण. त्याची मर्यादाही तेथेच दिसते. लेखिका आपल्या व्यथेकडे आणि दोन समाजांमधील शतकांच्या अंतराकडे वळते. मुलीच्या शंकेमागचा अनुभव लेखात उलगडत नाही. संशोधकाची प्रामाणिक आत्मजाणीव समोरच्या माणसाच्या जाणिवेची जागा घेऊ शकत नाही, हा धडा आजच्या आत्मचिंतनपर लेखनालाही लागू आहे.

या अर्थाने ‘वाटचाल’ शुट्झ यांच्या कसोटीत भर घालते. अन्वय कर्त्याला कळावा, इतके पुरेसे नाही. कर्त्याला संशोधकाची उलटतपासणी घेता यावी आणि त्या उलटतपासणीला संशोधनात पुराव्याचे स्थान मिळावे. शेगावच्या संदर्भात याचा अर्थ उघड आहे. ‘माऊली’ या संबोधनाचा अन्वय केवळ मंदिराच्या आवारात लावून चालणार नाही. सेवेची पाळी संपवून सेवाधारी गावी परततो. तेथे शेतमजुराला, विहिरीवर भेटणाऱ्याला, वेगळ्या आळीतील माणसाला तो काय म्हणून हाक मारतो, हेही पाहावे लागेल. ती हाक बदलत असेल तर आवारातील संबोधन ढोंग होते असे सिद्ध होत नाही. बदलत नसेल तर समाज पालटला असेही नव्हे. परंतु दोन्ही जागांमधील अंतर न चालता केलेला अन्वय अर्धवट राहतो, आणि अर्धवट अन्वय श्रद्धेला नव्हे, संशोधकाच्या सोयीलाच प्रमाण मानतो.