घर शेणाचं की मेणाचं? मुलांच्या परीकथेतलं वर्णन

आज एका वाक्यापासून सुरुवात करू. ‘एका घनदाट जंगलात एक सुंदर महाल होता.’ मुलांना परीकथा लिहायला सांगितली की हे वाक्य वहीत हमखास भेटतं. आम्हीही लहानपणी हेच लिहिलं, आणि शिकवायला लागल्यावर त्याखाली ‘छान’ असा शेराही मारला. आज त्या शेऱ्याबद्दलच बोलायचं आहे.

वर्णन शिकवायची आपली पद्धत ठरलेली आहे. फळ्यावर विशेषणांची यादी: घनदाट, विस्तीर्ण, रमणीय, खळखळणारी. मग पाच ज्ञानेंद्रियांचा तक्ता: काय दिसलं, काय ऐकू आलं, कसला वास आला. यात वाईट काही नाही. पण यातून बहुतेक वेळा तयार होतो तो नाटकातला मागचा पडदा. पात्रं त्याच्यापुढून येतात-जातात, पडद्याला कुणी हात लावत नाही. पडदा बदलला तरी गोष्ट तीच राहते.

आता खुद्द कथा काय करतात ते बघा. माक्स ल्युथी या स्विस अभ्यासकांनी १९४७ साली युरोपीय लोककथेवर पुस्तक लिहिलं. त्यांचं एक निरीक्षण असं की लोककथा वर्णन करत बसत नाही. वस्तूचं नाव घेते आणि पुढे जाते. जंगल म्हणजे जंगल. झाडं कोणती, हे कुणी सांगत नाही.

मग कथा जिथं थांबून तपशील देते, तिथं काहीतरी कारण असणार. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहात हेन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट आहे. चेटकिणीचं घर पावाचं, छप्पर केकचं, खिडक्या साखरेच्या. का? कारण घरात खायला नाही म्हणून या पोरांना रानात सोडून दिलेलं आहे. ती भुकेली आहेत. हा तपशील काढून टाका, पोरं त्या घरापाशी थांबणारच नाहीत. आपली काऊ-चिऊची गोष्टही तशीच. एक घर शेणाचं, एक मेणाचं. रंग नाही, आकार नाही. पाऊस आला, एक वाहून गेलं, दुसरं टिकलं. सगळी गोष्ट त्या दोन शब्दांवर उभी आहे.

यावर शिक्षक म्हणतील, मग मुलांचे शब्द वाढणार कसे? आक्षेप रास्त आहे. शिवाय ल्युथी बोलतात ती तोंडी परंपरेतून आलेली कथा. सांगणाऱ्याकडे आवाज असतो, हातवारे असतात. लिहिणाऱ्याकडे फक्त शब्द. तेव्हा वर्णन हवंच. आमचं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी प्रश्न, मग विशेषण. या जागेत शिरायचं कसं? इथं काय मोडतं, जळतं, विरघळतं? इथं येणाऱ्याला कशाची हाव सुटते, कशाची भीती वाटते?

समजा, एखाद्या मुलीनं लिहिलं, ‘महाल मिठाचा होता.’ लगेच पुढचं सुचायला लागतं. राजाला पावसाळ्याची धास्ती. गायी चाटून चाटून खालची पायरी गुळगुळीत झालेली. बघा, ‘गुळगुळीत’ हा शब्द यादीतून आला नाही; गरज पडली म्हणून आला.

आणि खरी काळजीची गोष्ट इथंच आहे. भाईंदरला, पेणकडं मिठागरं आहेत. तिथल्या पोरानं मिठाचे पांढरे ढीग रोज पाहिलेले असतात. तरी वहीत तो बर्फ लिहितो, जो त्यानं कधी पाहिलेला नाही. कारण आपल्या आजूबाजूचं काही परीकथेत चालत नाही, असा त्याचा समज झालेला असतो. तो समज आपल्या ‘छान’नं पक्का केला, असं आम्हाला वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘सुंदर महाल’ भेटला, तर शेरा मारू नका. समासात एवढंच लिहा: ‘पाऊस आला तर या महालाचं काय होईल?’ आणि वही परत द्या.