94 म्हणजे किती?

दुबईत मुलांसाठी शाळा शोधणाऱ्या आईबाबांना जेवढं वाचायला मिळतं, तेवढं पुण्यात किंवा नाशकात कुणाला मिळत नाही. नॉलेज अँड ह्यूमन डेव्हलपमेंट अथॉरिटी, म्हणजे केएचडीए, 2008 पासून खासगी शाळांची तपासणी करून अहवाल सगळ्यांसाठी खुले करत आली. शेरे सहा: आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, अ‍ॅक्सेप्टेबल, वीक, व्हेरी वीक. शाळेला फी किती वाढवता येईल हेही अनेक वर्षं या शेऱ्याशी जोडलेलं होतं. 2024-25 मध्ये बहुतेक शाळांच्या पूर्ण तपासण्या थांबवल्या, पण जुना शेरा चांगला असेल तर शाळेच्या गेटवरचा बॅनर कोण कशाला उतरवेल?

मी यातले बरेच अहवाल वाचलेत, कामासाठी आणि थोडं सवयीनंही. मजकूर म्हणून ते वाईट नाहीत. शिकवणं, मूल्यमापन, मुलांची काळजी आणि आधार, पालकांशी नातं, प्रत्येकाला स्वतंत्र शेरा असतो. खटकतं ते इतकंच, की हे सगळं शाळा *निवडणाऱ्या* माणसासाठी लिहिलेलं आहे. ज्याचं मूल आत बसलेलं आहे त्याला यातून शाळेची सरासरी कळते, आपलं मूल नाही. त्याच्यासाठी दुसरे कागद येतात, आणि माझी खरी तक्रार त्या कागदांबद्दल आहे.

सीएटी-फोर घ्या. ब्रिटनच्या जीएल एज्युकेशनची ही क्षमता-चाचणी इथल्या पुष्कळ शाळांमध्ये घेतली जाते, इंडियन करिक्युलमच्या शाळांमध्येसुद्धा. शब्द, संख्या, आकृत्या आणि अवकाश असे चार भाग, आणि प्रत्येकाला वयानुसार प्रमाणित केलेला गुण. सरासरी 100, प्रमाण विचलन 15. म्हणजे साधारण निम्मी मुलं 90 ते 110 च्या मध्ये येतात.

आता चौथीतल्या एका मुलाला शब्दांच्या भागात 94 मिळाले असं धरा. आपण मराठी घरांत वाढलेली माणसं. 94 दिसले की हात आपोआप पेढ्यांकडे जातो. त्याच्याच शेजारी पर्सेंटाइलचा रकाना असतो आणि तिथे 35 च्या आसपासचा आकडा येतो. 35! दहावीच्या बोर्डाने आपल्या डोक्यात कोरून ठेवलेला काठावरचा आकडा. एकाच ओळीत पोरगं मेरिटमध्येही आलं आणि कसंबसं पासही झालं. प्रत्यक्षात दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात: शंभरातली 35-एक मुलं याच्या खाली आहेत, बाकीची वर, आणि हा अगदी मधल्या घोळक्यातला मुलगा आहे. पेढेही नकोत, शिकवणीही नको.

माझ्या ओळखीतल्या एका बाबांनी 94 बघून शाबासकी दिली. एका आईने 35 बघून ट्यूशन लावली. दोघंही इंजिनिअर आहेत. त्यामुळे ‘पालकांना आकडेवारी समजत नाही’ हा शाळांचा नेहमीचा सूर मला मान्य नाही. ज्या कागदावर दोन वेगळ्या मोजपट्ट्या शेजारी-शेजारी छापतात आणि त्या कशा वाचायच्या ते सांगत नाहीत, तो कागद नीट लिहिलेला नाही. दोष तिथे आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहते. ही चाचणी ब्रिटनमधल्या मुलांवर प्रमाणित झालेली आहे आणि तिचा शब्दांचा भाग इंग्रजीत आहे. घरी मराठी, शेजारी मल्याळम, मैदानावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा मुलाचे आकृत्यांच्या भागात 112 आणि शब्दांच्या भागात 94 आले, तर त्या फरकाचा एक सरळ अर्थ असा निघू शकतो की मुलाची विचार करण्याची ताकद त्याच्या इंग्रजीच्या पुढे आहे. शिक्षकासाठी ही सोन्यासारखी माहिती. घरी मात्र तिचं ‘इंग्लिश वीक आहे’ होतं, आणि मग घरात मराठी बंद करायचा सल्ला येतो. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की त्यावर पॉडकास्टचा वेगळा भाग करावा लागेल.

आकडे बाजूला ठेवू आणि शेऱ्यांकडे वळू. ‘कंटिन्यूज टु डेव्हलप’, ‘इज एन्करेज्ड टु’, ‘विथ सपोर्ट कॅन’. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच सगळ्यात निसरडं. कुठला सपोर्ट? कोण देतं? आठवड्यातून किती वेळा? ज्यांनी महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक जवळून पाहिलेत त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. 2010 मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि त्यासोबत ‘वर्णनात्मक नोंदी’. हेतू छान होता: गुणांऐवजी मुलाबद्दल दोन वाक्यं लिहा. वर्गात चाळीस मुलं आणि नोंदवह्यांचा ढीग, म्हटल्यावर तयार नोंदींची पुस्तकं आणि पीडीएफ फिरायला लागली. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘गटकार्यात सहभागी होतो’. शिक्षकांना मी फार दोष देणार नाही. पण तालासुरात कविता म्हणणारा तो मुलगा आणि दुबईतला ‘कंटिन्यूज टु डेव्हलप’ करणारा मुलगा एकाच साच्यातून निघालेत. दुबईच्या साच्याची फी जास्त, इतकंच.

याच्या उलट टोकाला ‘असर’ आहे. ‘प्रथम’ने 2005 मध्ये सुरू केलेल्या या पाहणीत मुलाच्या घरी जाऊन त्याच्यासमोर एक कागद धरतात: अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. मूल कुठे अडतं ते स्वयंपाकघराच्या दारातून आजीलाही दिसतं. मूल्यमापन कळवण्याचा इतका स्वच्छ मार्ग मी दुसरा पाहिलेला नाही.

पण कळलं म्हणजे झालं का? उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. गावकऱ्यांना त्यांच्या मुलांची वाचनाची पातळी आणि त्यांचे हक्क सांगितले. शाळांमध्ये फारसं काही हललं नाही. जिथे गावातल्याच तरुणांनी वाचनाचे वर्ग घेतले, तिथे त्या वर्गांना गेलेली मुलं वाचायला लागली. पाकिस्तानी पंजाबात ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि असीम ख्वाजा यांच्या 112 गावांच्या अभ्यासात मात्र उलटं घडलं. पालकांना मुलांचे आणि शाळांचे गुण सांगणारी कार्डं दिली, तर गुण 0.11 प्रमाण विचलनाने वाढले आणि खासगी शाळांची फी 17 टक्क्यांनी उतरली. तिथे शाळांमध्ये चुरस होती आणि पालक हलू शकत होते.

दुबईतल्या धोरणकर्त्यांनी मनात हे दुसरं चित्र धरलंय असं मला वाटतं. बाजार आहे, पालक माहितगार आहे, आवडलं नाही तर जाईल. जाईल कुठे? इंडियन शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ब्रिटिश आणि अमेरिकन शाळांचं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि फीमधला फरक पगाराच्या बाहेरचा. त्यातून ज्याच्या मुलाला जास्तीचा आधार लागतो त्याला तर शाळा बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना मूल समजावून सांगणं. त्याच्यासाठी हा बाजार जौनपूरइतकाच बंद आहे.

कायदा त्याच्या बाजूने आहे, हे सांगायलाच हवं. यूएईने 2017 मध्ये ‘पीपल ऑफ डिटर्मिनेशन’ हा शब्द अधिकृत केला, आणि त्याच वर्षी दुबईचं समावेशक शिक्षण धोरण आलं. (भारतात थोडं आधी ‘दिव्यांग’ आला होता. नावं बदलण्यात दोन्ही सरकारं तत्पर.) मुलाला आधार लागतो एवढ्या कारणावरून शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. मुलासाठी वैयक्तिक शिक्षण योजना, म्हणजे आयईपी, बनवायची आणि पालकांना त्यात घ्यायचं. कागदावर हे भारतातल्या बहुतेक शाळांच्या कितीतरी पुढे आहे.

प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत ही माहिती पहिल्यांदा येते ती खर्चाच्या रूपात. वर्षभर ‘विथ सपोर्ट कॅन’ असं लिहून येतं आणि मग एका मीटिंगमध्ये कळतं की मुलाला लर्निंग सपोर्ट असिस्टंट लागेल आणि तिचा पगार तुम्ही द्यायचा. माझ्या माहितीतल्या एका आईने तिथे एकच प्रश्न विचारला: ‘‘मागच्या तीन टर्म तुम्ही जो सपोर्ट लिहीत होतात, तो काय होता?’’ उत्तर आलं नाही. वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. वर्गशिक्षिकेने शेजारी बसून समजावलं असेल आणि त्यालाच सपोर्ट म्हटलं असेल. पण तेवढं जरी लिहिलं असतं, की गणिताच्या तासाला रोज दहा मिनिटं, तरी आईला वर्ष मिळालं असतं.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं आता तिथे पहिली-दुसरीत आहेत, त्यांनी पुढच्या मीटिंगला रिपोर्टमधला ‘सपोर्ट’ हा शब्द शोधावा आणि त्यासमोर कोण, किती वेळा, कधीपासून हे लिहून मागावं. ईमेलवर. गणपतीच्या सुट्टीत परत यायचं की कायमचं परत यायचं, हा प्रश्न आखाती घरांत कधीही उभा राहतो. परतताना टीसी अटेस्ट करायची धावपळ सगळे करतात. त्या टीसीवर मुलाला वाचायला जास्त वेळ लागतो हे लिहिलेलं नसतं, पाढे कसे शिकवल्यावर जमले हेही नसतं. पुण्यातल्या नव्या बाई जूनमध्ये त्याला कोऱ्या पाटीवर भेटतात. आयईपीची प्रत निघण्याआधीच मागून घ्या, शाळेच्या पोर्टलचं लॉगिन बंद व्हायच्या आत.