पर्यायी पीक, पण कशाला पर्याय?

संशोधनाचा विषय शोधताना 'शाश्वत शेती' हा शब्द बऱ्याच जणांना खुणावतो, कारण त्याला निधी मिळण्याची शक्यता जास्त असते. त्यातच आणखी एक आकर्षक विषय आहे. गांजा किंवा अफू घेणाऱ्या शेतकऱ्याला अनुदान द्यायचं, त्याने दुसरं पीक घ्यायचं आणि आपण फरक मोजायचा. कागदावर हे छान दिसतं. आज हाच साचा धाराशिव जिल्ह्याला लावून बघू. माझं मत आधीच सांगतो: तो इथे टिकत नाही, आणि का टिकत नाही हे समजलं तर तुमचा कुठलाही प्रस्ताव सुधारेल.

पहिला प्रश्न, पर्याय कशाला? थायलंडमध्ये १९६९ साली राजघराण्याच्या पुढाकाराने असा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डोंगरातल्या गावांमध्ये अफू हे उघड आणि मुख्य पीक होतं. कोण पिकवतं, किती पिकवतं हे माहीत होतं. आपल्याकडे गांजा सापडल्याच्या बातम्या वाचा: तुरीत, कपाशीत, उसात लपवलेली झाडं. शेजारच्या बीड जिल्ह्यात, परळी तालुक्यात २०१२ च्या फेब्रुवारीत अफूची शेती उघडकीला आली, तेव्हा आपण खसखस लावली असं शेतकऱ्यांचं म्हणणं होतं. (परवान्याची अफूशेती फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत होते.) आणि २०२५ मध्ये तुळजापूरचं जे प्रकरण गाजलं ते एमडीचं. एमडी हे रसायन आहे, ते शेतात उगवत नाही. म्हणजे जिल्ह्याचं नाव बातमीत आलं म्हणून तिथे बदलण्याजोगं पीक आहे, असं ठरत नाही. जप्तीच्या आकड्यांवरूनही नाही. ते आकडे मुख्यतः पोलिसांची कारवाई मोजतात, लागवड नव्हे.

'मग सर्वेक्षण करू' असं तुम्ही म्हणाल. इथे दुसरी अडचण येते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (एनडीपीएस, १९८५) कलम २० नुसार गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कलम ४७ नुसार बेकायदा लागवड कळली तर सरपंच, पंच आणि सरकारी अधिकाऱ्यांनी लगेच कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे ज्यांच्या ओळखीने तुम्ही गावात शिरणार, त्यांच्यासमोरच शेतकऱ्याने गुन्हा कबूल करायचा! वकिलाला जसं अशिलाची गोष्ट गुप्त ठेवण्याचं संरक्षण असतं, तसं आपल्या कायद्यात संशोधकाला नाही. सही घेतलेलं संमतीपत्र उद्या पुरावा ठरू शकतं. 'माहिती गोपनीय राहील' हे वाक्य लिहिण्याआधी ते तुम्ही खरंच पाळू शकता का, ते बघा.

यावर वॉर्नर यांनी १९६५ मध्ये सुचवलेल्या पद्धतीचा एक प्रकार सांगितला जातो. शेतकरी गुपचूप नाणं उडवतो. छापा आला तर 'हो' म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. कोणाचा 'हो' खरा ते कुणालाच कळत नाही. आता गणित बघा. १००० जणांपैकी सुमारे ५०० 'हो' नुसते नाण्याचे. एकूण ५२० 'हो' आले, तर उरलेल्या ५०० पैकी २० म्हणजे ४ टक्के. पण या अंदाजाची चूक ६ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे खरा आकडा शून्यही असू शकतो. चूक १ टक्क्यावर आणायची तर ३८,००० च्या वर लोक लागतील. दुर्मीळ गोष्टीसाठी ही पद्धत महाग पडते, आणि पायाभूत आकडाच नसेल तर अनुदानाचा परिणाम कशाशी ताडून बघणार?

तिसरी खोट मोजमापाची. 'किती हेक्टर कमी झालं' हा आकडा निधी देणाऱ्यांना आवडतो. अफगाणिस्तानातल्या हेल्मंदमध्ये अफूऐवजी गव्हाचं बियाणं वाटलं. गव्हाला मजूर कमी लागतात, म्हणून वाटेकऱ्यांचं काम गेलं आणि त्यातले बरेच जण वाळवंटाच्या कडेला जाऊन पुन्हा अफू पिकवू लागले. अमेरिकेच्या महानिरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे तिथल्या अमली पदार्थविरोधी कामावर अमेरिकेने ८०० कोटी डॉलरच्या वर खर्च केला, पण लागवड कायमची घटली नाही. शिवाय तिथे अफूवर आगाऊ पैसे मिळायचे. ऊसतोडीची 'उचल' माहीत असलेल्या आपल्या भागात याचा अर्थ वेगळा समजवायला नको. पीक म्हणजे नुसता भाव नसतो. ते कर्ज असतं, रोजगार असतो.

चौथी खोट म्हणजे फक्त 'गुन्हा करणाऱ्याला' अनुदान. कोलंबियात मे २०१४ मध्ये, कोका सोडणाऱ्यांना मदत मिळणार हे शांतता चर्चेतून जाहीर झालं. त्यानंतर लागवड वाढली, असं प्रेम, वर्गास आणि मेहिया यांच्या अभ्यासात दिसतं. सरळ शेती करणाऱ्याने अशा योजनेतून काय धडा घ्यायचा?

मग धाराशिवात काय विचारावं? इथला मोठा धोका उघड्यावर आहे: खरीप सोयाबीनवर टेकलेली कोरडवाहू शेती. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारभाव बराच काळ त्याखाली राहिला. याच जिल्ह्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचं महिलांसाठीचं एक एकर शेतीचं प्रारूप आहे, ज्यात कुटुंब आधी खाण्याची पिकं घेतं. जागतिक बँकेच्या मदतीच्या 'पोकरा' प्रकल्पातही हा जिल्हा होता. अशा गावांची आणि इतर गावांची तुलना करा. वाईट वर्षात उत्पन्न किती घसरतं, सावकाराचं कर्ज किती, मजुरीचे दिवस किती. हे प्रश्न कुणालाही न अडकवता विचारता येतात. यातून गांजा कमी होईल असा दावा मात्र करू नका. तो तुमचा अभ्यास दाखवू शकणार नाही.

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी कोऱ्या कागदावर तीन उत्तरं लिहून काढा: सुरुवातीचा आकडा कुठून येणार, खरं उत्तर दिल्यावर माणसाचं काय होऊ शकतं, आणि हे पीक गेल्यावर कुणाचं काम जातं. यातलं एक जरी उत्तर अडलं, तरी विषय तसाच पुढे रेटू नका. आधी प्रश्न बदला.