जुने धुके, नवे धुके

जपानच्या कोनामी कंपनीने २००१ साली काढलेल्या ‘सायलेंट हिल २’ या व्हिडिओ खेळाचे कथानक थोडक्यात असे आहे. जेम्स नावाच्या माणसाला बायकोचे पत्र येते. बायको वारून तर तीन वर्षे झालेली. पत्रातल्या गावी तो जातो, आणि सारे गाव धुक्यात बुडालेले असते. फराळाबरोबर वाचावी अशी ही गोष्ट नव्हे, हे कबूल. पण व्हिडिओ खेळ म्हणजे नुसती मारामारी असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ती मुद्दाम पाहावी. त्या धुक्यात भीतीहून अपराधाची जाणीव अधिक आहे.

हे धुके मुळात अडचणीतून जन्मले. १९९९ च्या पहिल्या ‘सायलेंट हिल’च्या वेळी यंत्राला दूरवरची घरे नि रस्ते रंगवण्याची ताकद नव्हती, म्हणून ते झाकले. गरिबीतली ती युक्ती पुढे कथेचा प्राणच होऊन बसली.

२०१२ साली दुसरा खेळ झळझळीत करून पुन्हा विक्रीला आला. मात्र ज्या आज्ञावलीवर तो चालतो, तिची अखेरची प्रत कंपनीने जपलीच नव्हती! अर्धवट साहित्यावर काम झाले आणि धुके विरळ झाले. नाटकात विंगेतली माणसे दिसावीत, तसे नको ते दिसू लागले.

२०२४ मध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने हाच खेळ पायापासून नव्याने बांधला. काम गुणी आहे. धुके दाट आहे, चेहऱ्यांवरचे दुःख खरे वाटते. पण मुळात आपण जेम्सला बहुधा दुरून, कुठल्या तरी कोपऱ्यातून पाहत असू. आता त्याच्या खांद्यामागेच उभे असतो. जुना जेम्स फळकूट उगारी तेही अवघडून. नवा चपळ आहे. त्याचे कसब वाढले, असहायता घटली. ही वेगळी कलाकृती झाली, आणि म्हणूनच जुनी राहिली पाहिजे.

ती राखणार कोण? आज तरी बव्हंशी संग्राहकच. रिमेक निघाला की केवळ खेळू इच्छिणारा नव्याकडे वळतो आणि जुन्या तबकडीचा भाव उतरू शकतो. उलट, नव्याने कुतूहल चाळवले तर तो चढतोही. पण भाव म्हणजे मोल नव्हे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. हा खेळ दुर्मिळ मुळीच नाही, त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत. पैसे मोजले गेले ते न उघडलेल्या खोक्यासाठी! त्याला संग्रह म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तबकडीवर चार ओरखडे असले तरी ती लावून खेळणारा मला अधिक जवळचा.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत पाठभेद तळटीपांत नोंदले. नवी आवृत्ती निघाली म्हणून कोणी पोथ्या जाळल्या नाहीत. खेळांच्या बाजारात मात्र उलटे घडते. २०२१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन जुन्या खेळांची नवी आवृत्ती येणार म्हणून रॉकस्टार कंपनीने मूळ खेळ डिजिटल दुकानांतून काढून घेतले. नवी आवृत्ती सदोष निघाली. गिऱ्हाइकांनी ओरड केली, तेव्हा संगणकावरचे जुने खेळ पुन्हा विक्रीला ठेवू, असे कंपनीला जाहीर करावे लागले.