सुरांची रोजंदारी

१९२७ साली ‘द जाझ सिंगर’ पडद्यावर बोलला आणि अमेरिकेतल्या चित्रपटगृहांमधले वादक एकेक करून घरी बसू लागले. मूकपट चालू असताना पडद्याखाली बसून साथ करणं हा हजारो व्हायोलिनवादकांचा, पियानोवादकांचा रोजचा धंदा होता. त्यांच्या संघटनेने ‘डबाबंद संगीता’विरुद्ध वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, त्यांत वाद्य घेऊन बसलेला यंत्रमानव रंगवला. उपयोग झाला नाही. त्यातच १९२९ची मंदी आली आणि शिकवण्याही गेल्या.

आपल्याकडेही बोलपटाने हेच केलं. १९३२ला ‘अयोध्येचा राजा’ आला, संगीत नाटकाची घडी विस्कटत गेली, आणि १९३५ साली खुद्द बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त दिसले. त्यांच्या मंडळीत तबल्याला बसणाऱ्या अहमदजान थिरकवाँना पुढे रामपूर दरबाराचा आश्रय मिळाला. तो थिरकवाँच्या तोडीच्या माणसाला मिळायचा. नाटक कंपनीतल्या साध्या साथीदाराने कुणाचं दार ठोठावायचं?

अमेरिकेत त्याच १९३५ साली रूझवेल्ट सरकारने असं एक दार उघडलं. रस्ते-पूल बांधणाऱ्या मजुरांसाठी जी रोजगार योजना होती, तिच्यातच चित्रकार, नाट्यकर्मी, लेखक आणि वादक यांना घेतलं. वादकांच्या शाखेचं नाव ‘फेडरल म्युझिक प्रोजेक्ट’. ऐन भरात सुमारे १६ हजार जण तिच्या पगारावर होते. मला या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती हीच, की वाजवणं हे काम मानलं गेलं. तुम्ही वाजवा, शिकवा, लिहून काढा आणि आठवड्याचा पगार न्या. आधी गरजू म्हणून नाव नोंदवावं लागे, आणि त्यात मान खाली जायचीच. पण एकदा आत गेल्यावर माणूस पुन्हा वादक होत असे.

योजनेचे प्रमुख होते निकोलाय सोकोलॉफ. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचे पहिले संचालक, मुळात व्हायोलिनवादक. दर्जाबद्दल अतिशय कडक. समितीपुढे वाजवून दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. त्यांचं मन सिंफनीत होतं, आणि योजनेची प्रतिष्ठाही तिकडेच झुकली. नृत्यगृहात वाजवून पोट भरणारे, नोटेशन न वाचता कानाने वाजवणारे, कृष्णवर्णीय जाझवादक यांच्या वाट्याला पडती बाजू आली. सरकारने पगार द्यायचं ठरवलं की संगीत कशाला म्हणायचं हेही सरकारच ठरवू लागतं. सोकोलॉफ यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. त्यांच्या कानाची कक्षा मात्र अपुरी होती.

म्हणूनच या योजनेचं खरं धन मला मैफलींच्या झगमगाटाबाहेर दिसतं. फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात फ्लायशर संग्रह आहे. ऑर्केस्ट्रातला वादक पूर्ण स्वरलिपी समोर ठेवून वाजवत नाही. ओबोवाल्याला ओबोचा कागद लागतो, चेलोवाल्याला चेलोचा. एका रचनेतून असे वीस-तीस कागद वेगळे काढायचे, आणि तेव्हा तर सारं हातानेच. नव्या रचनाकाराला हा खर्च झेपत नसे, म्हणून रचना पेटीत पडून राहायची. रोजगार योजनेवरच्या नकलनवीसांनी इथे बसून पाच रेषांवर एकेक स्वर शाईने उतरवला, कुठे विराम, कुठे पान उलटायला उसंत, तेही नेमकं पाहून. कित्येक रचना वाजवता येण्याजोग्या झाल्या त्या या टाकांमुळे. त्या कागदांवरून आजही वाद्यवृंद वाजवतात. टाळ्या मात्र या नकलनवीसांना कुणी दिल्या नाहीत.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. १९३८ ते १९४० या काळात सिडनी रॉबर्टसन या बाईंनी याच रोजगार योजनेच्या पैशातून उत्तर कॅलिफोर्नियात स्थलांतरितांच्या वस्त्या पालथ्या घातल्या. १८५ गायक-वादक, १२ भाषा, सुमारे ३५ तासांचं ध्वनिमुद्रण. वाद्यांची मापं घेतली, चित्रं काढली. सोकोलॉफ यांच्या समितीपुढे जे टिकले नसते, ते इथे जपले गेले.

१९३९ला अमेरिकी काँग्रेसने हात आखडता घेतला, खर्चाचा वाटा स्थानिकांवर टाकला. सोकोलॉफ पद सोडून गेले. युद्धामुळे रोजगार वाढला आणि १९४३ला सगळंच आटोपलं. कलेसाठी कायमचं सरकारी खातं असावं, हे विधेयक त्याआधीच बारगळलं होतं.

महाराष्ट्रात ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे आणि ती हवीच. पण ती उतारवयाची. हातात ताकद असताना काम थांबलं तर काय, याचं उत्तर तिच्यात नाही. टाळेबंदीत आमच्या भागातला एक संबळवादक मदतीचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेला होता. मी सोबत होतो. वय चाळिशीचं, वाद्य आजोबांपासूनचं. खिडकीवर त्याच्याकडे कार्यक्रमांची कात्रणं आणि प्रमाणपत्रं मागितली. गोंधळाची बातमी कोण छापतो? त्याने दोन्ही तळवे पुढे केले, घट्टे दाखवले. खिडकीवरच्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, कागद लागेल. सोकोलॉफ यांच्या समितीने निदान त्याला वाजवायला बसवलं असतं.