उद्या भेटणाऱ्यांचं गाव : विल्यम मॅक्सवेल यांची एक छोटी कादंबरी

आज एका छोट्या कादंबरीबद्दल बोलायचं आहे. छोटी म्हणजे अगदी दीडशे पानांच्या आतली. विल्यम मॅक्सवेल यांची ‘सो लाँग, सी यू टुमॉरो’. १९७९ साली ती ‘न्यू यॉर्कर’मध्ये आली आणि १९८० साली पुस्तकरूपाने.

सुरुवात नावापासूनच करू. याचं मराठी काय करायचं? ‘चल, येतो. उद्या भेटू.’ आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. परत यायचं आहे हे त्यात गृहीतच असतं. या कादंबरीत दोन मुलं रोज संध्याकाळी एकमेकांना हेच म्हणून घरी जातात. आणि एका संध्याकाळनंतर तो ‘उद्या’ येतच नाही. एवढीच गोष्ट आहे, असं म्हटलं तरी चालेल.

गाव आहे लिंकन, इलिनॉय राज्याच्या मध्यभागी. सपाट जमीन, मक्याची शेती. मॅक्सवेल १९०८ साली इथेच जन्मले. दहा वर्षांचे असताना इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांची आई गेली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण कादंबरीतल्या निवेदकाचंही तसंच झालं आहे. आई गेल्यावर वडील रात्री घरात येरझाऱ्या घालतात आणि मुलगा त्यांच्या कमरेला हात घालून बरोबर चालतो. दोघंही बोलत काही नाहीत. पुढे वडील दुसरं लग्न करतात, नवं घर बांधायला काढतात. त्या अर्धवट घराच्या सांगाड्यावर, लाकडी तुळयांवर तोल सांभाळत हा मुलगा क्लीटस नावाच्या मुलाबरोबर खेळतो.

क्लीटस शेतावरचा. त्याचे वडील क्लॅरन्स दुसऱ्याची जमीन कसणारे. शेजारचा लॉइड विल्सन त्यांचा जिवाभावाचा मित्र. एकाचं काम अडलं की दुसरा धावून येणार, असा शेजार. मग लॉइड आणि क्लॅरन्सची बायको फर्न एकमेकांत गुंततात. घटस्फोट होतो, फर्न मुलांना घेऊन गावात राहायला येते, क्लॅरन्सचं शेत सुटतं. एके दिवशी पहाटे, धार काढत असताना लॉइडचा खून होतो. नंतर क्लॅरन्सचाही मृतदेह सापडतो, त्याने स्वतःला संपवलेलं असतं.

आता बघा, एखाद्या लेखकाने खुनावरच कादंबरी उभी केली असती. मॅक्सवेल तर खून पहिल्याच प्रकरणात सांगून मोकळे होतात. त्यांना छळतं ते वेगळंच. पुढे निवेदकाचं कुटुंब शिकागोला जातं. तिथल्या प्रचंड शाळेत, एका गर्दीच्या बोळात समोरून क्लीटस येतो. दोघं एकमेकांना ओळखतात. आणि निवेदक एक शब्दही न बोलता पुढे निघून जातो. पन्नासेक वर्षांनी, म्हातारपणी, तो हे पुस्तक लिहायला बसतो ते या न बोललेल्या शब्दापायी.

छोट्या गावाबद्दल आपण नेहमी काय म्हणतो? तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. लिंकनमध्येही होतं. कोर्टात काय झालं, कोण कोणाकडे जात होतं, सगळं वर्तमानपत्रात छापून आलेलं. निवेदक त्याच जुन्या अंकांच्या प्रती मिळवून वाचतो. पण माहिती असणं आणि विचारपूस करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते या कादंबरीचं सगळं म्हणणं या फरकात आहे. गावाकडे चर्चेसाठी भरपूर शब्द होते, पण बाप गेलेल्या मुलाशी बोलायला एकही नव्हता. आणि निवेदक त्याच गावाचा मुलगा. त्याच्या स्वतःच्या घरातही आईच्या मरणाबद्दल कोणी धड बोललं नव्हतं. तो गप्प राहिला, कारण गप्प राहणंच त्याला शिकवलं गेलं होतं.

म्हणूनच पुस्तकाचा उत्तरार्ध मला महत्त्वाचा वाटतो. तिथे निवेदक सरळ सांगतो की आता मी कल्पनेने लिहितोय. मग तो क्लीटसचं घर, गोठा, सायकल, दोन शेजाऱ्यांचा स्नेह असं सगळं उभं करतो. घरच्या कुत्रीच्या मनातसुद्धा शिरतो. कुटुंब मोडल्यावर ती मागे राहते आणि त्या मुलाची वाट पाहते. माणसांचे खटले आणि बदनामी तिला कुठून कळणार? तिला कळतं एवढंच की मुलगा अजून आला नाही. हा भाग भावुक होऊ शकला असता. होत नाही, कारण मॅक्सवेल तिच्या दिवसाचा फक्त क्रम सांगतात.

पण माझी एक तक्रार आहे, आणि ती मांडायलाच हवी. हे प्रायश्चित्त नेमकं कोणासाठी? क्लीटसला तर या पुस्तकात बोलायची संधीच नाही. त्याच्या आईवडिलांचे सर्वांत खाजगी क्षण दुसराच कोणी रचतो आणि छापतो. एका अर्थाने गावाने केलं तेच निवेदक करतोय, फक्त प्रेमाने. मी बराच काळ या मुद्द्यावर अडकलो होतो. आजही तक्रार मागे घेत नाही. मात्र एक फरक दिसतो. गावाने जे सांगितलं ते ‘हे असंच झालं’ या थाटात. निवेदक म्हणतो, ‘असं झालं असेल.’ शिवाय तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो ते स्वतःला, फर्नला किंवा क्लॅरन्सला नाही.

मॅक्सवेल सुमारे ४० वर्षं ‘न्यू यॉर्कर’मध्ये कथांचे संपादक होते. दुसऱ्यांच्या लेखनातला जास्तीचा शब्द काढणं हे त्यांचं काम. त्याच माणसाने एका राहून गेलेल्या शब्दासाठी अख्खी कादंबरी लिहिली. त्या बोळात तो काय बोलू शकला असता? फार काही नाही. ‘कसा आहेस?’ एवढं पुरलं असतं. किंवा तेच जुनं, ‘उद्या भेटू.’

पुस्तक मिळालं तर एका बैठकीत वाचा, तसंच ते वाचायला हवं. आणि वाचताना कोणी आठवलंच, तर त्यांना फोन करा. आता प्रश्न घेऊ.