टॅबवर सिंथेसायझरची झेरॉक्स कशाला?

मे महिन्यात तीन आठवडे घरी, आष्टीला होते. (परतूर तालुक्यातली आष्टी. बीडची वेगळी, वर्ध्याची वेगळी. विद्यापीठात हे दर वेळी सांगावं लागतं.) प्रबंधाचं तिसरं प्रकरण पुरं करायचं म्हणून टॅब सोबत नेला होता. त्याच टॅबनं त्या प्रकरणातली निम्मी पानं मोडीत काढली. आजचा लेख त्याबद्दल.

नव्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. सिंथेसायझरला मिडीची वायर जोडली की त्याला बाहेरून हुकूम देता येतात: हा सूर वाजव, फिल्टर इतका उघड, आवाज इतका वर सरकव. १९८३ पासून ही भाषा जवळपास तशीच आहे. हे हुकूम टॅबच्या काचेवरूनही सोडता येतात. टचओएससीसारख्या ॲपमध्ये स्लायडर, बटणं, नॉब तुम्हीच मांडायचे आणि कशाला कुठला हुकूम लावायचा तेही तुम्हीच ठरवायचं. या मांडणीला लेआउट म्हणतात. माझं संशोधन या लेआउटवर आहे.

आता तक्रार. लोकांनी बनवलेले असे लेआउट मी दोन वर्षं गोळा करतेय. त्यातले बहुतेक उघडले की समोर काय दिसतं? मूळ यंत्राच्या पॅनेलचं चित्र. तोच रंग, तेच नॉब, नॉबवर तीच पांढरी रेघ, कोपऱ्यात कंपनीचं नाव. बघायला फार छान. पण नॉब गोल असतो कारण त्याच्याखाली फिरणारा दांडा असतो. काचेखाली दांडा नाही. मग बोटानं गोल गोल कशाला फिरवायचं?

यावर नेहमी यामाहाच्या डीएक्स-७ चं उदाहरण पुढे करतात, आणि ते घ्यायलाच हवं, कारण लेआउटची गरज इतकी खरी दुसरीकडे क्वचितच असेल. एका आवाजामागे १५५ आकडे, आणि ते बदलायला चपटी बटणं नि एकच स्लायडर. कुठला आकडा कुठे आहे हे डोक्यात ठेवूनच काम करायचं. तेव्हा सगळे आकडे एका नजरेत दाखवणारा पडदा हवा, हे मान्य. मीही तसाच बनवला. चार महिने लागले, प्रकरणात त्याचं रंगीत चित्रसुद्धा घातलं.

आता हिशोब करू, जो मी आधी करायला हवा होता. दहा इंची टॅबचा पडदा साधारण २१.७ बाय १३.६ सेंटीमीटर, म्हणजे २९५ चौरस सेंटीमीटर. त्याला १५५ ने भागा. नावं, रेषा, मोकळी जागा काही न धरता प्रत्येक स्लायडरला जेमतेम १.४ सेंटीमीटरचा चौकोन मिळतो. डीएक्स-७ चे बरेचसे आकडे ० ते ९९ आहेत. म्हणजे एक आकडा बदलायला बोट ०.१४ मिलिमीटर हलवायचं. बोटाचं टोकच सेंटीमीटरभर रुंद! वायरचंही तेच. मिडी सेकंदाला ३१,२५० बिट नेते. डीएक्स-७ चा एक आकडा बदलायचा हुकूम सात बाइटचा, त्याला सव्वादोन मिलिसेकंद लागतात. पडदा सेकंदाला साठ हुकूम सोडत असेल आणि तुम्ही पाच बोटं फिरवत असाल, तर दोन तृतीयांश वायर त्यातच गेली. सूर मागे रांगेत उभे. घरी बसून आवाज घडवायला हे चालेल, वाजवताना नाही.

हे सगळं कागदावर मला कळलं नव्हतं. ते मामामुळे कळलं.

मामा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, आणि सप्ताह असला की भजनात. हळदीच्या गाण्यांतली सनई नि बासरी सगळी त्याच्या डाव्या हातावर चालते, म्हणजे पिच बेंडच्या चाकावर. त्या चाकाची स्प्रिंग गेली. सोडलं की चाक मध्यावर परत येत नाही, सूर तसाच चढलेला राहतो. परतूरला नाही, जालन्यालाही नाही, कुणाकडे तो भाग मिळेना. शेवटी त्यानं चाक मध्यावर चिकटपट्टीनं बांधून टाकलं आणि अख्खा हंगाम मींडेशिवाय काढला. लोकांना कळत नाही म्हणाला. पण त्याला कळत होतं.

मी मोठ्या उत्साहात टॅब स्टँडला बांधला. पडद्यावर हुबेहूब चाक काढलं, सावलीसकट. शेजारी फिल्टर, व्हायब्रेटो, रिव्हर्ब आणि आवाज बदलायची आठ बटणं. मामानं एक गाणं वाजवलं आणि टॅब पालथा घातला. "अगं, तिथं बघू का इथं बघू?"

प्रबंधातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा हे नेमकं आहे. खऱ्या चाकाला कडा असते, स्प्रिंगचा जोर असतो, मध्यावर हलकी खाच असते. बोट न बघता तिथं जातं. काच सगळीकडे सारखीच लागते, म्हणून ती बघावीच लागते. चित्र जितकं हुबेहूब, तितकं ते नसलेल्या कडेचं आश्वासन देतं.

मग सगळं पुसलं. पूर्ण पडद्यावर एकच उभा पट्टा ठेवला, आणि नियम असा: बोट जिथं टेकेल तिथं शून्य. वर सरकवलं की सूर चढतो, खाली आणलं की उतरतो. मध्य शोधायचाच नाही, त्यामुळे बघायचंही नाही. मिडीत पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या आहेत, बाकीच्या साध्या हुकुमांना १२८ च. म्हणजे मींडेपुरती काच गरीब नाही, उलट श्रीमंत आहे.

पण श्रीमंती किती अंतरावर पसरायची, हा खरा प्रश्न. कीबोर्डवर बेंडची मर्यादा सहसा दोन अर्धस्वर वर, दोन खाली असते. ती वाढवता येते. मी हौसेनं बारा केली होती, सप्तकभर मींड! आता बघा. कोमल गंधाराच्या दोन जागा मानतात, ३२/२७ आणि ६/५. त्यांत अंतर सुमारे २२ सेंट. आठ सेंटीमीटरच्या पट्ट्यावर दोनची मर्यादा ठेवली तर हे अंतर चार मिलिमीटरहून थोडं जास्त, बारा ठेवली तर पाऊण मिलिमीटरही नाही. मामानं हे आकडे न ऐकता सांगितलं, "घसरतंय, आखूड कर." दोनवर आणलं.

इथं मला जुनं भांडण आठवतं. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, म्हणून ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली हार्मोनिअमवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्याच्याही आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल २२ श्रुतींचं गणित मांडत होते (त्यांचं पुस्तक १९१० चं), आणि श्रुतींची पेटी बनवायचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांची आहेच. या माणसांबद्दल मला आदर आहे. पेटीला पट्ट्याच असतात, तेव्हा पट्ट्या नीट जागी बसवणं एवढंच त्यांच्या हातात होतं. काचेवर मात्र ती अडचणच नाही. तरी मी गोळा केलेल्या 'भारतीय' लेआउटमध्ये काय सापडतं? २२ चौकोनी बटणं. काचेवर पेटी! गाणारा गंधारावर आंदोलन घेतो तेव्हा तो दोन बटणं आलटून पालटून दाबत नसतो. जागा बरोबर असूनही वाट चुकते, आणि ऐकणाऱ्याला वाट आधी ऐकू येते.

चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. जिओश्रेडमध्ये बोट घरांवरून घसरतं आणि थांबलं की सूर जवळच्या स्वराकडे हळूच ओढला जातो. ही ओढ किती ठेवायची ते तुम्ही ठरवायचं. त्यामागचं एमपीई, म्हणजे प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनेल, २०१८ साली मिडीत अधिकृत झालं. एक सूर वाकवला तर बाकीचे त्याच्याबरोबर वाकत नाहीत. मामाच्या कीबोर्डला हे कळत नाही, पण सनई एका वेळी एकच सूर वाजवते, त्यामुळे त्याचं अडत नाही.

पेरी कुक यांनी २००१ सालीच लिहून ठेवलंय की वाद्याची नक्कल करणं वेडेपणाचं, पण वाजवणाऱ्याच्या हातात मुरलेलं कसब वापरून घेणं शहाणपणाचं. आणि सगळं बदलता येणं हा शापच. माझ्या दुसऱ्या प्रकरणात हे उद्धृत आहे. तिसऱ्यात १५५ स्लायडर.

पट्टाही पूर्ण जमलेला नाही. बोट उचललं की सूर झटकन शून्यावर येई, सनईला उचकी लागल्यासारखा. म्हणून परतायला ८० मिलिसेकंद दिले. मामाला तेही नको: "खाली मीच आणीन, तू मधी पडू नको." मग बोट उचललं तरी सूर तिथंच ठेवला आणि पुढची पट्टी दाबली की शून्य करायचं ठरवलं. पण ती दाबल्याची खबर टॅबपर्यंत जाऊन शून्याचा हुकूम परत येईपर्यंत नवा सूर सुरू झालेला असतो, आणि बासरीच्या तोंडाशी चिमणीसारखी चिवचिव येते. सध्या ८० वरच तडजोड आहे. घामाचा प्रश्न वेगळाच; मेच्या उन्हात मांडवात बोट काचेवर अडकत सरकतं, त्यावर त्यानं टाल्कम पावडरचा डबा शेजारी ठेवलाय.

तिसरं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. तुळशीचं लग्न झालं की मामाच्या तारखा सुरू होतील, तोवर ती चिवचिव काढायची आहे. चाकावरची चिकटपट्टी अजून तशीच आहे.